आय. व्ही. म्हणजे रोमन चार नव्हे

कोल्हापुरात सीपीआर चौकात उभं राहिलं की एका अंगाला सीपीआर हा सरकारी दवाखाना आणि दुसऱ्या अंगाला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच. १८ ऑगस्ट २०२५ला बेंच सुरू झालं, तेव्हापासून साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचे वकील आणि पक्षकार या चौकात उतरतात. रिक्षावाला मागं न बघता विचारतो, "दवाखाना का कोर्ट?" चेहऱ्यावरून त्याला ओळखता येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोन्हीकडं जाणाऱ्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चळत असते, दोन्हीकडं सोबत एखादं कळतं-सवरतं माणूस असतं आणि दोन्हीकडं शेवटी 'पुढच्या वेळी या' म्हणतात. मधला रस्ता ओलांडायला, गर्दी धरून, दोन मिनिटं. आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे ताईंना, आठ वर्षं लागली.

आता खरं सांगायचं तर त्यांची नोकरी सीपीआरला नव्हती. कुठल्या दवाखान्यात होती ते मी लिहिणार नाही. 'नाव घालायचं नाही' अशी त्यांनी ताकीद दिली आहे. पूर्वी त्यांची ताकीद ही नुसती ताकीद असायची, आता तिला नोटीस म्हणतात.

ताई मूळच्या राधानगरीकडच्या. त्यांच्या वेळी बारावी झालेल्या खेड्यातल्या हुशार मुलीपुढं दोनच वाटा दिसायच्या, डी.एड. किंवा नर्सिंग. खासगी डी.एड.ला डोनेशन द्यावं लागे, सरकारी नर्सिंग शाळेत उलट विद्यावेतन मिळे. वडिलांनी चहा निवायच्या आत करिअर मार्गदर्शन उरकलं. जीएनएमची पदविका झाली आणि ताई सरकारी नोकरीत अधिपरिचारिका म्हणून लागल्या. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिकेच्या वर परिसेविका आणि परिसेविकेच्या वर अधिसेविका असते. बढतीबरोबर उपसर्ग लगेच बदलतो, पगार मागाहून रांगत येतो. पेशंटच्या लेखी मात्र तिघीही 'ओ सिस्टर'.

नर्सिंगचा पहिला धडा म्हणजे, जे लिहिलं नाही ते झालं नाही. रात्रभर पेशंटचा हात धरून बसलात आणि लिहिलं नाहीत, तर तुम्ही झोपला होता. त्यामुळं ताई सगळं लिहितात. आमच्या स्वयंपाकघरात गॅस सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवर आहे, सासूबाईंच्या गोळ्यांचं रजिस्टर आहे आणि दुधात पाणी निघाल्याच्या दिवसांवर लाल खूण आहे. एकत्र कुटुंबात भांडणं होतात, आमच्यातही होतात. पण दुसऱ्या घरी 'मी असं म्हणालेच नव्हते' म्हणून सुटका करून घेता येते, ती सोय आमच्याकडं नाही. मी एकदा म्हणून पाहिलं. ताईंनी मान वर न करता सांगितलं, "गुरुवार. संध्याकाळी सव्वासात. तू भाजी निवडत होतीस. मेथी."

त्यांच्या वॉर्डाच्या दाराशी एक फलक होता. महाराष्ट्र वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि वैद्यकीय सेवा संस्था, मग मोठा कंस, कंसात हिंसक कृत्ये, मालमत्तेची हानी वगैरे, मग अधिनियम २०१०. दवाखान्यात कुणी कर्मचाऱ्यांच्या अंगावर धावून आलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, असा तो कायदा. ताई म्हणायच्या, "कायदा चांगला आहे. नाव वाचून होईपर्यंत मारामारी उरकते, एवढंच." नातेवाइकांची भांडणं त्या फलकाला टेकूनच चालायची.

तर अशा सुखात नोकरी चालली असताना एक दिवस समन्स आलं.

कुठल्या तरी जुन्या मारामारीची एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर, केस होती. जखमी माणूस बरा होऊन, लग्न करून, बहुधा दुसरी मारामारी करूनही मोकळा झाला होता. कागदावर ताईंची सही होती, म्हणून साक्ष. त्या कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात इस्त्रीची साडी नेसून गेल्या आणि दिवसभर बाकड्यावर बसून परत आल्या. पुढच्या तारखेला तेच. त्यानंतरच्या तारखेला एकदाचा पुकारा झाला. ताई पिंजऱ्यात उभ्या राहिल्यावर आरोपीच्या वकिलांनी केसपेपर नाकाजवळ धरला, मग लांब धरला आणि विचारलं,

"सिस्टर, इथं तुम्ही लिहिलंय, इंजेक्शन चार. म्हणजे चार इंजेक्शनं दिली?"

"एक दिलं साहेब."

"मग हे रोमन चार कशाला?"

"ते चार नाही. आय. व्ही. शिरेतून."

वकिलांनी न्यायाधीशांकडं अर्थपूर्ण पाहिलं, म्हणजे साक्षीदार आता लटपटतोय. "साक्षीदार आधी चार लिहितात, आता एक म्हणतात. बरं. आणि हे एन.बी.एम. कोण?"

"कोण नाही. तोंडानं काही घ्यायचं नाही."

"कुणी? मी?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. लघुलेखकानं काय टंकलं ते देवालाच ठाऊक. उलटतपासाच्या शेवटी वकिलांनी ठणकावून सुचवलं की तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहात, आणि ताई सुईच्या टोकाचं 'नाही' सांगून उतरल्या. घरी आल्या, चहा घेतला, बशी विसळून ठेवली आणि मला म्हणाल्या, "वकील व्हायला काय काय लागतं गं?"

लागते पदवी. ताईंकडं होती पदविका. एवढी वर्षं शिकून, त्याहून जास्त वर्षं माणसं जगवून, एलएल.बी.च्या प्रवेशाच्या खिडकीवर ताई बारावी पास ठरल्या. मग त्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. शिरा शोधण्यात हयात गेलेली बाई सुट्टीच्या दिवशी मराठी साहित्याचे प्रकार पाठ करत बसायची. सासूबाईंना वाटलं, सुनेला कविता करायच्यात, आणि त्यांनी आठवडाभर घरात दबक्या आवाजात बोलणं चालू ठेवलं. मध्ये करोना आला. त्या दिवसांबद्दल ताई बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

त्यानंतर कायद्याची सीईटी. सगळे पर्यायी प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे कळल्यावर ताईंना या क्षेत्राबद्दल पहिली शंका आली. "चुकलं तरी काहीच होत नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. वॉर्डात चुकीच्या उत्तराला जे होतं ते गुणांत मोजत नाहीत.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ताई वर्गात शिरल्या तेव्हा पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. मागच्या बाकावर बसल्या तेव्हा वाटलं कुणाच्या तरी आई आल्या. तास सकाळचे आणि ताईंची रात्रपाळी सकाळी सुटायची, त्यामुळं कित्येकदा त्या वॉर्डातून थेट वर्गात. त्या पेंगायच्या, पण प्राध्यापक बोलायचे थांबले की टक्क जाग्या व्हायच्या. सरांना वाटायचं, आपल्या विरामचिन्हांतही काही ताकद आहे. खरं कारण म्हणजे मॉनिटरचा आवाज चालू असला की नर्सला डुलकी लागते, बंद पडला की ती धावते. बार कौन्सिलच्या नियमानं ७० टक्के हजेरी लागते. ताईंची ती भरली, कारण त्यांनी हजेरीची स्वतंत्र वही ठेवली होती आणि वर्षाअखेर कॉलेजच्या रजिस्टरात दोन चुका काढून दिल्या.

पण ताईंचं खरं शिक्षण झालं ते न्यायनिर्णय वाचताना, आणि ते झालं जरा तिरकं. बाकीची मुलं निकालात तत्त्व शोधायची, ताई सिस्टर शोधायच्या. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कुठल्याही निकालात डॉक्टरांना नाव असतं, रुग्णाला नाव असतं, औषधालासुद्धा असतं. सिस्टर बहुतेक वेळा 'ड्युटीवरील परिचारिका' असते. ती एका वाक्यात येते, काही तरी करते किंवा करत नाही, आणि पुढच्या परिच्छेदात नाहीशी होते.

जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य, २००५. डॉक्टरवर फौजदारी खटला केव्हा चालवायचा, याचा भारतातला पायाभूत निकाल. लुधियानाच्या एका रुग्णालयात रुग्णाला श्वास लागला, मुलानं सिस्टरला सांगितलं, सिस्टरनं डॉक्टरला बोलावलं, डॉक्टर वीस-पंचवीस मिनिटांनी आले, ऑक्सिजन लावला, तर सिलिंडर रिकामा. दुसरा शेजारच्या खोलीतून आणेपर्यंत वेळ गेला आणि रुग्णही गेला. सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांवरचा खटला रद्द केला आणि सांगितलं की फौजदारीसाठी साधी नव्हे तर ढोबळ, डोळ्यांत भरणारी हयगय दिसली पाहिजे. सर हे सगळं रंगून शिकवत होते. ताईंनी हात वर केला.

"सर, सिलिंडरचं रजिस्टर कुणाकडं होतं?"

"ते निकालात नाही."

"आधीच्या पाळीनं हँडओव्हर देताना गेज बघितलं होतं का?"

"तेही निकालात नाही."

"मग निकाल अपुरा आहे," ताई म्हणाल्या आणि वहीत तसं लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाला आपला निकाल अपुरा असल्याचं अजून कळलेलं नाही.

स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या १९९८च्या निकालानं तर त्यांनी आमचं रात्रीचं जेवण थांबवलं. विषमज्वराचं लहान मूल. डॉक्टरांनी लिहिलं क्लोरॅम्फेनिकॉल, सिस्टरनं वाचलं क्लोरोक्विन, बापाला तेच आणायला लावलं आणि शिरेतून दिलं. मूल जन्माचं अधू झालं. रुग्णालयाला मुलासाठी आणि आईबापांच्या दुःखासाठी वेगळी अशी भरपाई द्यावी लागली, आणि रुग्णाच्या आईबापांनाही ग्राहक मानण्याचा पायंडा तिथं पक्का झाला. ताईंचा घास हातातच. मग त्या पुढं वाचत गेल्या आणि एकदम ताठ बसल्या. "अगं, ती सिस्टर नव्हतीच! कुठल्याही परिषदेत नोंदणी नाही तिची! युनिफॉर्म घातला म्हणून सिस्टर?" एवढं बोलून त्यांनी घास घेतला. पोळी गार झाली होती, पण व्यवसायाची अब्रू राहिली होती.

मृत्युपूर्व जबाब हा विषय त्यांना वर्गातल्या कुणाहूनही, सरांहूनही, जास्त माहीत होता. जळालेल्या बायकांच्या वॉर्डात त्यांनी कित्येक रात्री काढलेल्या. तहसीलदार कागद घेऊन येणार, डॉक्टर 'रुग्ण शुद्धीवर आहे' असं लिहिणार, सासरचे दाराशी घुटमळणार. 'शुद्धीवर आहे' एवढ्यावर भागतं की 'जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे' असंही डॉक्टरनं लिहायला हवं, यावर न्यायालयांचं एकमत होईना. अखेर लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२च्या खटल्यात पाच न्यायमूर्ती बसले आणि ठरलं की जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याची स्वतःची खात्री झाली असेल, तर डॉक्टरच्या दाखल्यावाचून अडत नाही. ताईंचं मत असं की, "पाच जण कशाला बसवले? सिस्टरला विचारायचं. तिला पेशंटनं पाणी कधी मागितलं तेही ठाऊक असतं."

एक निकाल मात्र वर्गात चर्चेला आला तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयाची परिचारिका, १९७३मध्ये तिथल्याच सफाई कामगारानं हल्ला केला आणि २०१५पर्यंत ती तिथंच खाटेवर होती. २०११च्या निकालात दयामरणाचा प्रश्न होता. अरुणाच्या वतीनं बोलायचा अधिकार न्यायालयानं याचिका करणाऱ्या लेखिकेला न देता, तिला इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांना दिला. इतक्या वर्षांत अरुणाच्या अंगाला खाटेचे व्रण पडू दिले नव्हते, याचीही न्यायालयात दखल घेतली गेली. ताईंनी त्या पानाच्या समासात काही लिहिलेलं नाही. बाकी सगळ्या पुस्तकात समास शिल्लक नाही.

दुसऱ्या वर्षात असताना १ जुलै २०२४ उजाडला आणि १८६०पासूनचं भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. वर्गात सुतक पडलं. ३०२ पाठ, ४२० पाठ, त्यांच्यावर कोट्या पाठ, सिनेमे पाठ, आणि रातोरात खून १०३ला गेला, फसवणूक ३१८ला गेली आणि खुनाचा प्रयत्न ३०७वरून १०९ला. ज्येष्ठ वकीलसुद्धा भांबावले. ताई शांत. "वॉर्ड हलवलाय," त्या म्हणाल्या. "पेशंट तेच, खाटांचे नंबर बदललेत." त्यांनी एका फुलस्केप कागदावर जुनी खाट, नवी खाट असे दोन रकाने पाडले आणि तिसऱ्या रकान्यात शेरा. ३०२समोर शेरा होता, 'गंभीर'. सासरच्या छळाच्या ४९८-अ समोर, 'वारंवार भरती'. त्या कागदाच्या झेरॉक्स वर्गभर फिरल्या आणि मी ऐकलं त्याप्रमाणं एका मास्तरांच्या टेबलाच्या काचेखाली अजून एक आहे.

या नव्या नंबरांच्या गडबडीत ताईंना कलम १०६ सापडलं. हयगयीनं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. पण वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून झाला तर दोन वर्षांपर्यंत. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक म्हणजे कोण, ते खाली स्पष्टीकरणात दिलं आहे. वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानं मान्य पात्रता असलेला आणि त्यांच्या नोंदवहीत नाव असलेला. ताईंनी स्पष्टीकरण तीनदा वाचलं. सिस्टर त्यात नाही. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच रात्री, एकाच चुकीत सापडलेल्या दोघांपैकी लिहिणाऱ्याला दोन वर्षं आणि त्यानं लिहिलेलं टोचणाऱ्याला पाच. हे त्यांनी वॉर्डात सांगितलं तेव्हा तरुण डॉक्टर हसला. मग ताईंनी त्याला म्हटलं, "डॉक्टर, आजपासून तोंडी ऑर्डर घेणार नाही. लिहा, सही करा, वेळ घाला." तो हसायचा थांबला. अक्षरही सुधारलं म्हणतात.

एलएल.बी. झाली. आता सनद. इथं कायद्यानं ताईंना पहिल्यांदा कोपऱ्यात गाठलं, कारण पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम ४९. सरकारी नोकरी सोडायची, हे वाक्य आमच्या घरात उच्चारलं गेलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. ताईंनी वही उघडली. वीस वर्षांच्या वर अर्हताकारी सेवा, तीन महिन्यांची नोटीस, स्वेच्छानिवृत्ती. शिवाय नेमणूक १ नोव्हेंबर २००५च्या आधीची, म्हणजे जुनी पेन्शन. सासूबाईंचा हात 'पेन्शन' या शब्दाला खाली आला. वकिलीतल्या नवख्यांची मिळकत साधारण पेट्रोल आणि वडा-पावाच्या मधे कुठं तरी असते, त्यामुळं ताई आज कोल्हापूरच्या बारमधल्या सर्वांत श्रीमंत ज्युनिअर असाव्यात असा माझा अंदाज आहे.

नोंदणीचं शुल्क ७५० रुपयांच्या वर घ्यायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४मध्ये बार कौन्सिलांना बजावलेलं. ताईंनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली होती, मोजून पैसे दिले आणि पावती घेतली. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. शंभर पर्यायी प्रश्न, पासाला ४५ टक्के, आणि कायद्याचं टीपा नसलेलं पुस्तक सोबत नेता येतं. "पुस्तक बघून परीक्षा?" सासूबाई म्हणाल्या. "मग नापास कशी होतात गं पोरं?" याचं उत्तर अजून कुणाला देता आलेलं नाही. ताई पास झाल्या.

वकिलाला जाहिरात करता येत नाही. ताईंना गरजही नाही, कारण गल्लीत त्यांचं बीपीचं यंत्र प्रसिद्ध आहे. संध्याकाळी आमच्या पायरीवर जी माणसं येतात, त्यांच्या एका हातात गोळ्यांचं पाकीट असतं, दुसऱ्यात सातबारा. मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातले एक आजोबा आले. भावानं बांध कोरला म्हणून संतापलेले. दारातूनच सुरुवात, "वकीलबाई, त्याला आत घाला!" ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर टेकवायला लावले, दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं बोलायचं नाही. आकडा चुकतो." आजोबा गप्प बसले. कोल्हापुरातल्या कुठल्याही वकिलाला बांधाच्या भांडणातला पक्षकार पाच मिनिटं गप्प मिळालेला नाही. पट्टा फुगला, सुटला. १७० वर १००.

"गोळी घेता का?"

"गोळीला काय करायचंय? बांध..."

"बांध उद्या पण तिथंच असेल. तुम्ही असायला पाहिजे. आधी गोळी, मग मोजणीचा अर्ज."

आजोबांनी गोळी चालू केली. मोजणीचा अर्ज भावानंच केला, कारण त्याचंही बीपी ताईच बघतात. यावर हितसंबंधांचा प्रश्न येतो, हे मी ताईंना दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, "दोघांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. दोघांची नाडी घेतलीय."

ताई ज्यांच्याकडं ज्युनिअर आहेत ते सीनिअर साहेब दिवाणीतले मुरलेले. वैद्यकीय फायलींना ते बिचकतात. १९९५मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात दवाखानेही ग्राहक कायद्याखाली आले, तेव्हापासून असल्या फायली त्यांच्या कपाटात साठत आल्यात. त्यातलीच एक त्यांनी ताईंपुढं टाकली. एका खासगी रुग्णालयात पोटाच्या ऑपरेशननंतर रात्रीत रुग्ण बिघडला आणि सकाळी गेला. नवा ग्राहक कायदा म्हणतो की तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा. ही फाईल इतकी जुनी की कागदांना कपाटाचा वास लागलेला. साहेबांनी आठ दिवस वाचून काढलेला निष्कर्ष असा, की रुग्णालयाचा चार्ट चोख आहे, आपली बाजू लंगडी.

ताईंनी चार्ट खिडकीपाशी नेला. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक रकान्यात ताप ९८.४, नाडी ८०, श्वास १८.

"साहेब, हे सकाळी सहाला एकदम भरलंय."

"कशावरून?"

"एकच शाई, अक्षराला एकच कल. आणि जिवंत माणूस रात्रभर इतका एकसारखा नसतो. मेलेलाच असतो, पण त्याचा श्वास १८ नसतो."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे खोटा चार्ट! आता त्या नर्सला..."

"थांबा," ताई म्हणाल्या, आणि हा शब्द ज्युनिअरनं सीनिअरला म्हणायचा नसतो. त्यांनी चार्ट उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला, कोपऱ्यात, दुसऱ्या पेनानं, घाईत खरडलेलं होतं. 'डॉ. ना फोन २.१०. उचलला नाही. २.२३. २.४१ बोलले, सकाळी बघू.' रुग्णालयानं नकला देताना हे पान दोन्ही बाजूंनी झेरॉक्स केलं होतं. कुणी वाचलं नव्हतं.

"हे खरं आहे," ताई म्हणाल्या. "निवांत असलेलं माणूस दोन वाजता लिहितं. घाबरलेलं माणूस दोन वाजून तेवीस मिनिटं लिहितं."

साहेबांनी पान दोनदा उलटंसुलटं केलं. मग जरा चाचरत म्हणाले, "पण ताई, आपण पेशंटच्या बाजूनं आहोत ना?"

"होय. आणि पेशंट त्या रात्री तिच्याच ताब्यात होता. ती एकटी होती का, ते आधी विचारू."

ग्राहक आयोगात साक्षी प्रतिज्ञापत्रावर चालतात, समोरच्याला विचारायचं ते लेखी प्रश्नावलीतून. साहेबांनी तीस प्रश्न आधीच काढून ठेवलेले होते, सगळे मोठे, भारदस्त, प्रत्येकात दोन-तीन 'हे म्हणणे खरे आहे काय' घातलेले. ताईंनी खाली एकतिसावा जोडला. 'त्या रात्री वॉर्डात खाटा किती, रुग्ण किती आणि सिस्टर किती? ड्युटी लिस्ट व डॉक्टरांच्या फोनची नोंद जोडावी.'

तारखेला मीही गेले होते, डबा द्यायच्या निमित्तानं. पुकारा झाला, कागद दिले-घेतले, आणि आम्ही दहा मिनिटांत बाहेर. आयोगाच्या रोजनाम्यात त्या दिवसाची नोंद अशी आहे: 'तक्रारदारातर्फे वकील हजर. सामनेवालेतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.'

ताईंच्या डायरीत अशी: '११.४० पुकारा. ११.४२ सामनेवाल्यांच्या वकिलांनी प्रश्नावली वाचली. १ ते ३० वाचताना स्थिती समाधानकारक. ११.४४ प्रश्न ३१. घाम. ११.४५ पाणी दिले. ११.४६ मुदत मागितली. पक्षकार अस्वस्थ, समजूत घातली, चहा अर्धा कप तोंडाने घेतला. ११.५० पुढील पाळीस सांगितले. सही.'